दोन किल्ल्यांची गाडी

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या घराचा पत्ता सांगताना घर नंबर कधी लागलाच नाही. रिक्षावाल्याला नुसतं सांगायचं, पिवळ्या दांड्याच्या गाडीपाशी सोडा. तो म्हणायचा, "व्हय, म्हाईत हाय की." ती गाडी आमच्या घरमालकांची. छोटी, पांढरी, जुनी, पण धुऊनपुसून लख्ख. दारात जागा नव्हती म्हणून ती रस्त्यावरच उभी असायची, आणि तिच्या स्टिअरिंगला आडवा पिवळाजर्द लोखंडी दांडा लावलेला असायचा. बघणाऱ्याला वाटावं आत सोनंनाणं आहे. आत असायची एक छत्री, एक पाण्याची बाटली आणि काकूंची पाठीला लावायची उशी.

मी माळशिरसची. इथल्या शाळेत नोकरी लागली आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला आले. घरमालकांनी मला माणसं किती, लग्न झालंय का, खाणंपिणं काय, यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं, की तुमच्या घरी कुलूप कुठल्या प्रकारचं आहे. मी म्हटलं, गावाकडं आम्ही दार लोटून घेतो, कडी आहे. मग वाहनं? मी सांगितलं, एक ट्रॅक्टर आहे, मीही चालवते, पण त्याला कुठलीही किल्ली चालते, कपाटाची घातली तरी सुरू होतो. काका मटकन् खुर्चीत बसले आणि आत बघून म्हणाले, "अगं, पाणी आण." मला वाटलं माझ्यासाठी मागवलंय. ते त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं आणि खोल्या मला दिल्या. दया येऊन दिल्या असणार, दुसरं काय.

काका म्हणजे उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाला आतून एक चोरखिसा. तो काकूंनी शिवलेला. त्यात गाडीची किल्ली. बोलता बोलता त्यांचा हात दर थोड्या वेळानं छातीशी जायचा. नव्या माणसाला वाटायचं, यांना हृदयाचा त्रास आहे. ते नुसती किल्ली चाचपत असत. गाडीला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, दार ओढून बघायचे, काचेला नाक लावून दांडा बघायचे आणि मग जे निघायचे ते मात्र मागं वळून बघायचे नाहीत. चहा पिताना आमच्या घरातली कपाटंसुद्धा त्यांनी ओढून बघितलेली आहेत. वर आणि म्हणायचे, "लागलंय, लागलंय. बसा तुम्ही."

आयुष्यभर ते बँकेत होते, शेवटी हेड कॅशिअर. तिथल्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडं, एक यांच्याकडं. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. नोकरी संपली, पण ही पद्धत त्यांनी घरी आणली. गाडीची किल्ली काकांकडं आणि दांड्याची किल्ली काकूंकडं. दोघांपैकी कुणी एकटा गाडी हलवूच शकत नाही. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, हा भाग वेगळा. मी एकदा चेष्टेनं विचारलं, काकूंवर विश्वास नाही का तुमचा? काकांना ते फार लागलं. "विश्वास नाही म्हणून दोन किल्ल्या नसतात हो बाई," ते म्हणाले. "एकट्या माणसावर ओझं पडू नये म्हणून असतात."

काकू अक्कलकोटकडच्या. ठेंगण्या, गोऱ्या, रागावल्या की कानडीत शिरायच्या. त्यांच्या मंगळसूत्राला एक पिन आणि पिनेला दांड्याची किल्ली. रविवारी संध्याकाळी दोघं तळ्यावर फिरायला जायचे तेव्हाचा सोहळा मी वरच्या खिडकीतून कितीतरी वेळा पाहिलाय. काका ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे आणि हात मांडीवर ठेवून थांबायचे. काकू शेजारी बसून पदर सारखा करायच्या, पिनेची किल्ली सोडवायच्या, वाकून दांड्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "झालं." मग काका दांडा काढून मागच्या सीटवर ठेवायचे आणि चोरखिशात हात घालायचे. तोवर मागं रिक्षा हॉर्न मारून मारून दमलेल्या असायच्या.

परत आले की उलटं. काका गाडीची किल्ली काढायचे, स्टिअरिंग जरासं फिरवायचे, एक खट् व्हायचं. मग दांडा लावून ओढायचे, दुसरा खट्. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड चालू असते, पण त्यातूनही हे दोन खट् मला वर ऐकू यायचे. ते झाले की मी कुकर लावायची.

यातला पहिला खट् कसला, हे माझ्या भावामुळं कळलं. तो गावाहून आला होता. कुणाचा तरी टेम्पो अडला म्हणून काकांनी त्याला गाडी जरा पुढं घ्यायला सांगितली. काकूंनी दांडा काढून दिला, काकांनी याला गाडीची किल्ली दिली. आता हा ट्रॅक्टरवर वाढलेला. किल्ली फिरेना तसा हा जोर लावायला लागला. मान लाल, शिव्या ओठावर. किल्ली वाकायची वेळ आली. काका शांतपणे खिडकीशी आले. स्टिअरिंगच्या खांबात एक खिटी असते, त्यांनी समजावलं. किल्ली काढून स्टिअरिंग हललं की ती खिटी खाचेत पडते, मग ते फिरत नाही. ही सोय गाडीबरोबरच येते. पण उभ्या गाडीची पुढची चाकं ताणात असली तर खिटीवर दाब येतो आणि किल्ली अडते. "ढील द्या," काका म्हणाले. "स्टिअरिंगला जरा इकडंतिकडं करा, खिटीवरचं ओझं जाऊ द्या. किल्ली आपसूक फिरेल." ती फिरलीसुद्धा. भाऊ अजून ती गोष्ट सांगतो, फक्त त्यात तो स्वतःच युक्ती काढतो.

दुसरा खट् पिवळ्या दांड्याचा. त्याला दोन आकडे. ते स्टिअरिंगच्या कड्यात आतून अडकवायचे, दांडा ओढून लांब करायचा, खट् झालं की बसला. त्याचं लांबलचक शेपूट बाहेर राहतं. स्टिअरिंग वळवायला जावं तर ते शेपूट दाराला अडतं, आणि गाडी वळली नाही तर चोर ती नेणार कुठं? लावताना किल्ली लागत नाही, काढताना मात्र लागते. हे मी आता इतकं पाठ सांगतेय, कारण काकांनी ते मला, शाळेच्या शिपायाला, गॅसवाल्याला आणि एकदा गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना सांगितलेलं आहे.

शेजारच्या घरात टॉवेलचे माग. त्यांचे मालक घरी तेलुगू बोलायचे आणि आमच्याशी खास सोलापुरी मराठी. आम्ही त्यांना टॉवेलवालेच म्हणायचो. त्यांनी नवी गाडी घेतली, पेढे घेऊन आले आणि पेढे देता देता म्हणाले, "सायेब, तुमच्या या दांड्यानं माझी पंचाईत झाली बघा. चोर येणार, तुमचा दांडा बघणार आणि माझी घिऊन जाणार की!" ते हसत म्हणाले, पण काकांचा पेढा हातातच राहिला. आपल्या कुलपानं चोर शेजारी जातो, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. दोन दिवस जेवणात लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी तसाच एक दांडा आणून त्यांनी टॉवेलवाल्यांच्या हातात ठेवला. टॉवेलवाले मोठे बेरकी. म्हणाले, "आता पलीकडच्या गाडीचं कसं?" काका खरंच विचारात पडले. शेवटी काकू ओरडल्या, "सगळ्या सोलापूरला दांडे वाटता काय!" तेव्हा तो विषय मिटला.

पण टॉवेलवाल्यांनी दुसरा किडा सोडलाच, की हा दांडा खरंच चोराला अडवतो का. काकांनी काय करावं? भंगारवाल्याकडून एक जुनं स्टिअरिंग आणलं, ओट्याच्या कठड्याला बांधलं, त्याला स्वतःचा दांडा लावला आणि लोखंड कापायची करवत घेऊन बसले. गल्ली गोळा झाली. काकूंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. दांड्याला करवत लावलीच नाही त्यांनी. स्टिअरिंगचं कडं कापलं. ते वरून प्लॅस्टिक, आत पातळ सळई. चहा गाळून व्हायच्या आत कडं तुटलं, काकांनी ते वाकवलं आणि दांडा अख्खाच्या अख्खा, कुलूप बंद असलेला, बाहेर आला.

मग टॉवेलवाले म्हणाले, "म्हंजे उपेग काय न्हाय म्हणा की. मग लावता कशाला?"

काका करवत पुसत होते. म्हणाले, "हे चोराला अडवायला नाहीच. ते त्याला सांगायला आहे, की या गाडीवर कुणाचं तरी लक्ष आहे. त्याला तेवढं कळलं तरी पुरतं."

आमच्या गल्लीतून आजवर गाडी चोरीला गेली नाही. दांड्यांमुळं की गल्लीमुळं, देव जाणे.

आता पाकिटाचं सांगते. बँकेत म्हणे प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली पाकिटात घालून, लाखेचं सील करून दुसऱ्या शाखेत ठेवतात. काकांनी घरातही ते केलं, आणि दुसरी शाखा म्हणजे मी. दांड्याची जोडकिल्ली घातलेलं एक तपकिरी पाकीट, त्यावर लाखेचा लाल ठिपका, त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा मला हसू आवरेना. पण काका गंभीर होते. हे पाकीट कधी फोडायचं, ते त्यांनी नीट सांगितलं. किल्ली सांभाळणारा, बँकेच्या भाषेत कस्टोडियन, किल्ली हरवून बसला किंवा कामाचा राहिला नाही, तरच. आणि पाकीट फुटलं की त्याच दिवशी त्याच्याकडचा चार्ज काढायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. त्याला पुन्हा किल्ली नाही. बँकेत त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याचा चार्ज असा काढला होता. चांगला माणूस, म्हणाले, पण त्यानंतर तो डबा खायला आमच्यात बसेनासा झाला.

एकदा पाकीट फुटायची वेळ आली होती. पाहुण्यांसमोर काका बोलून गेले, की शेंगाचटणीत मीठ जरा जास्त झालंय. झालं! काकू पिशवी घेऊन अक्कलकोटला बहिणीकडं निघून गेल्या, गळ्यातल्या किल्लीसकट. गाडी दारात आणि काका खिडकीत. मी वरून म्हटलं, पाकीट आणू का? काका म्हणाले, "कस्टोडियन रुसली, हे कारण नियमात बसत नाही." आणि छत्री घेऊन एसटी स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनंच परत आले. काकू घरात न शिरता आधी गाडीत जाऊन बसल्या, पिनेची किल्ली काढली, दांड्याला लावली आणि म्हणाल्या, "झालं." कुठं जायचं नव्हतंच. काकांनी दांडा काढला, परत लावला आणि मग दोघं घरात गेले.

असे दिवस बरेच गेले. मग काकू विसरायला लागल्या.

सुरुवातीला आमटीत दोनदा मीठ पडायचं. काका गुमान खायचे, चटणीचा धडा त्यांना पुरला होता. मग मला त्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागल्या. मी ओ द्यायची. एकदा गॅस चालू ठेवून ओट्यावर येऊन बसल्या. डॉक्टरांनी काय ते सांगितलं आणि त्यावर औषधही असं काही नाही, हेही सांगितलं. मुलगा पुण्यात. चांगला मुलगा, दर दोन दिवसांनी फोन. त्याचं म्हणणं एकच, आईकडून ती किल्ली काढून घ्या, ती हरवणार, आणि एखाद्या दिवशी तुम्ही अडकून पडाल. गाडीच विका म्हणाला. त्याचं काही चूक नव्हतं. काका फोनवर नुसतं "बघतो" म्हणायचे.

एकदा काका माझ्या खोलीत आले. कपाट ओढून बघितलं नाही, तेव्हाच मला कळलं काहीतरी बिनसलंय. म्हणाले, "एकेक काम काढून घेतलं हिच्याकडून. गॅस काढला. दूधवाल्याशी बोलणं काढलं. समई लावायची, तीही आता मीच लावतो. बघत बसते हो ती माझ्याकडं. आता किल्ली तेवढी राहिलीय." मग जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "पाकीट नीट आहे ना?"

मी दाखवलं. त्यांनी सीलवरून बोट फिरवलं आणि गेले. त्यानंतर कधी ते जिना चढताना दिसले की मी कपाट लावून घ्यायची. वाटायचं, आज मागणार. मला ते पाकीट द्यायचं नव्हतं. वेडेपणाच तो, त्यांची वस्तू, त्यांचं घर. पण नव्हतं द्यायचं.

ते मागायला आलेच नाहीत. रविवारचा सोहळा चालू राहिला. काकूंना आता हाताला धरून गाडीपर्यंत न्यावं लागायचं, पण एकदा सीटवर बसल्या की हात बरोबर पिनेकडं जायचा. वाकायच्या, मनगट फिरवायच्या, "झालं" म्हणायच्या. तेवढा वेळ त्या पहिल्यासारख्या दिसायच्या. फक्त परत आल्यावर मला वरून एकच खट् ऐकू यायचा. वाटायचं, मागांची खडखड वाढलीय, नाहीतर माझेच कान गेलेत. शाळेत पोरांच्या कलकलाटात कुणाचेही जातील.

उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारची वेळ, सोलापूरचं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी खाली पाणी भरायला आले तर काका ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले आणि हात छातीवर. मला वाटलं, नेहमीसारखी किल्ली चाचपतायत. मग घाम दिसला. शर्ट ओलाचिंब, ओठ पांढरे. मी हाक मारली तसे टॉवेलवाले माग तसाच टाकून धावत आले. रुग्णवाहिकेला फोन लावला, ते म्हणाले वेळ लागेल. टॉवेलवाल्यांची गाडी नेमकी दुरुस्तीला गेलेली. काकाच पुटपुटले, "गाडी काढा." मी त्यांच्या चोरखिशातून किल्ली काढली. दोघांनी धरून त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. आणि मग माझं लक्ष त्या पिवळ्या दांड्याकडं गेलं.

काकू आत झोपल्या होत्या. त्यांना उठवायचं, समजवायचं, किल्ली मागायची, त्या देतील न देतील. मी वर पळाले, कपाटातून पाकीट काढलं, तशीच खाली आले. सीलखाली अंगठा घातला होता मी. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले.

"पोरी, ते फोडू नको," ते म्हणाले. "तिला बोलव."

इतक्या वर्षांत त्यांनी मला बाई सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. टॉवेलवाल्यांचा तोल सुटला. जिवावर बेतलंय आणि तुमचं नियम कसलं, म्हणाले. मी मात्र आत गेले. का गेले सांगता येत नाही. ते "पोरी" ऐकलं म्हणून गेले असेन.

काकू उठल्या, माझ्याकडं बघून हसल्या. मी म्हटलं, काकू, गाडी काढायचीय. एवढ्यावर त्या चालायलाच लागल्या. येऊन आपल्या जागेवर बसल्या, पदर सारखा केला, पिनेची किल्ली सोडवली. मी शेजारी ड्रायव्हरच्या जागेवर होते, म्हणून पहिल्यांदा जवळून पाहिली. ती दांड्याची किल्ली नव्हती. प्रवासाच्या बॅगेला असते तसली चिमुकली, चपटी किल्ली होती ती, आणि तिला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला. काकूंनी ती कुलपाला टेकवली. आत जाईल कशी? नुसतं मनगट फिरवलं आणि म्हणाल्या, "झालं."

"काढ दांडा," मागून काका म्हणाले.

मी दांडा धरला आणि तो सहज माझ्या हातात आला. कुलूप लागलेलंच नव्हतं.

विचार करायला वेळ नव्हता. दांडा खाली टाकला, गाडीची किल्ली घातली. फिरेना. मी जोर लावला. हात घामानं बुळबुळीत. मागून अगदी हळू आवाज आला, "ढील दे." मी एक श्वास घेतला, स्टिअरिंग जरा इकडंतिकडं केलं. आत खट् झालं आणि किल्ली फिरली.

वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. टॉवेलवाल्यांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखं रडून घेतलं आणि मग मलाच पाणी आणून दिलं.

काका बसायला लागल्यावर मी विचारलं. मला राहवेना. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, काकू बाहेरच्या बाकड्यावर आहेत ना याची खात्री केली. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तळ्यावर किल्ली पडली होती, म्हणाले. दांडा तेव्हा मागच्या सीटवर उघडा होता, म्हणून गाडी घरी आली. दारात उतरताना काकूंचा हात गळ्याशी गेला. पिन रिकामी. काय गेलंय ते त्यांना आठवेना, पण काहीतरी मोलाचं गेलंय एवढं कळत होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, पिन चाचपत. काका घरात धावले. देवघराच्या खणात मुलाच्या हॉस्टेलच्या बॅगेची किल्ली पडून होती, ती आणून त्यांनी पिनेला लावली आणि म्हणाले, ही काय, इथंच तर आहे.

"माझ्याकडं पाहून हसली हो ती," काका म्हणाले.

तेव्हापासून ते दांडा नुसता अडकवून ठेवत होते, शेवटचा खट् होऊ न देता. मी म्हटलं, पाकीट मागायचं ना माझ्याकडं.

"पाकीट फोडलं असतं तर तिचा चार्ज काढावा लागला असता."

"आणि चोर आला असता म्हणजे?"

"त्याला काय माहीत? त्याला बाहेरून दांडा दिसत होता." मग म्हणाले, "आणि गेली असती गाडी, तर गेली असती. दुसरी मिळते."

कपाटं ओढून बघणारा हा माणूस. पाणी पिताना तांब्याला कुलूप नाही म्हणून हळहळेल, असं आम्ही म्हणायचो. त्यानं जवळजवळ दोन वर्षं आपली गाडी भर रस्त्यावर तशी ठेवली होती. मला तिथं त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. नुसतं पांघरूण सारखं केलं.

त्यानंतर त्यांना गाडी चालवायला मनाई झाली. रविवारी मी चालवायची, काका मागं बसायचे आणि माझं गिअर टाकणं चुकलं की खाकरायचे. दांडा मीच अडकवायची. शेवटचा खट् होऊ द्यायचा नाही, हे ऐकायला सोपं वाटतं, पण हाताला ते शिकवावं लागतं. मधल्या काळात काकांनी दुसऱ्या शाखेची तपासणी सोडली नव्हती. सीलवर माझ्या अंगठ्याचा जरा ओरखडा आला होता. तो बघून म्हणाले, "चालेल."

संक्रांतीच्या सुमारास ते गेले. झोपेतच गेले. सकाळी काकू त्यांच्या उशाशी बसून होत्या आणि मला म्हणाल्या, हे उठत नाहीत, आज रविवार आहे ना?

मुलगा आला. सगळं पार पडलं; काकूंच्या गळ्यातलं मात्र कुणी काढलं नाही. काकूंना इथंच ठेवायचं, दिवसभराची एक बाई लावायची आणि त्यानं पुण्याहून येतजात राहायचं, असं ठरलं. रविवारी सकाळपासून काकू ओट्यावर येऊन बसल्या, गाडीकडं बघत. मुलगा म्हणाला, चल आई, तळ्यावर नेतो. त्यानं गाडीचं दार उघडलं, सवयीनं दांड्याला हात लावला आणि दांडा हलला. त्यानं चमकून माझ्याकडं पाहिलं.

"हे तर उघडंच आहे," तो म्हणाला. "बाबांची गाडी, आणि उघडी? आईकडं किल्ली नाहीय का? तुमच्याकडं जोडकिल्ली आहे ना, द्या ती मला. हे आता नीट करून टाकू."

त्याला द्यावं लागणार म्हणून पाकीट त्या दिवशी माझ्या पर्समध्येच होतं. आता काका नव्हते, म्हणजे ते त्याचंच होतं. आणि काकू पायरीवर उभ्या राहून आमच्या तोंडाकडं बघत होत्या, हात गळ्याशी.

"किल्ली काकूंकडं आहे," मी म्हटलं. "चालते ती. तुम्ही बसा, त्या लावतील."

त्याला ते पटलं नाही, पण तो बसला. काकू आपल्या जागेवर बसल्या. पदर सारखा केला. पिनेची किल्ली सोडवायला आता त्यांना फार वेळ लागायचा. मी खिडकीशी उभी होते. मुलगा घड्याळाकडं बघणार, तेवढ्यात त्यांच्या बोटांत ती किल्ली दिसली. चिमुकली, चपटी, लाल लोकर बांधलेली. त्यानं ती ओळखली. स्वतःच तर बांधली असणार ती लोकर, हॉस्टेलला जाताना. "आई, ही तर माझ्या..." एवढं तो बोलला आणि थांबला.

काकू वाकल्या. किल्ली कुलपाला टेकवली, मनगट फिरवलं आणि मुलाकडं बघून म्हणाल्या, "झालं."

मग त्यानं दांडा काढला, मागच्या सीटवर ठेवला, डोळे पुसले आणि गाडीची किल्ली घातली. ती फिरेना. मी म्हटलं, ढील द्या.

ते गेले. मी वर आले, पाकीट कपाटात ठेवलं. दिवे लागायच्या वेळेला गाडी परत आली तेव्हा मी खिडकीत होते. त्या दिवशी मागांना सुट्टी, गल्ली शांत. मुलानं गाडी लावली. किल्ली काढून स्टिअरिंग फिरवलं, खट् झालं. मग त्यानं दांडा उचलून स्टिअरिंगला लावला. मी कान देऊन उभी राहिले.

दुसरा खट् झाला नाही. त्यानं आईला हाताला धरून उतरवलं आणि दोघं घरात गेले.